वाऱ्याचे गणित आणि प्राध्यापकी : सीएफडी व नवीकरणीय ऊर्जेत अध्यापन-संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मार्चमध्ये गेटचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की सांगली-सातारा भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, मला एकच प्रश्न विचारतात : संगणकीय द्रवगतिकी, म्हणजे ज्याला सगळे सीएफडी म्हणतात तो विषय, आणि पवन किंवा सौर ऊर्जा यांची सांगड घालून संशोधन व अध्यापनाचा पेशा करता येतो का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करावी. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा ते एकदा सविस्तर लिहावे आणि या क्षेत्रातील इतरांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे. मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. डोंगराळ प्रदेशावरून वाहणारा वारा हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता.

विषयाचा गाभा जुना आहे. प्रवाहाची समीकरणे नाविए यांनी १८२२ मध्ये मांडली आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती पक्क्या पायावर आणली. त्रिमितीय प्रवाहासाठी या समीकरणांचे उत्तर नेहमी अस्तित्वात असते आणि सुरळीत राहते, हे अजून सिद्ध झालेले नाही. क्ले गणित संस्थेने २००० साली त्यासाठी जाहीर केलेले १० लाख डॉलरचे पारितोषिक कोणाच्याही पदरात पडलेले नाही. अभियंत्याला मात्र त्यासाठी थांबून चालत नाही. तो प्रवाहाच्या जागेचे लहान लहान कोष पाडतो, प्रत्येक कोषात वस्तुमान आणि संवेग यांचा जमाखर्च मांडतो आणि तो संगणकाकडून पुन्हा पुन्हा सोडवून घेतो. अडते ते भोवऱ्यांपाशी. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा आणि १०० मीटर व्यासाचे पवनचक्कीचे चक्र घेतले, तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांच्या प्रभावांचे गुणोत्तर, दहाच्या आठव्या घाताजवळ जातो. सर्वांत लहान भोवऱ्यापर्यंत सगळे सोडवायचे म्हटले तर लागणाऱ्या कोषांची संख्या या अंकाच्या सव्वादोनाव्या घाताप्रमाणे वाढते, म्हणजे दहाच्या अठराव्या घातापर्यंत पोचते. एवढे कोष ज्याच्या स्मृतीत मावतील असा संगणक आज नाही. म्हणून भोवऱ्यांचा केवळ सरासरी परिणाम धरणारी मॉडेले वापरावी लागतात. १९७४ चे लाँडर आणि स्पाल्डिंग यांचे के-एप्सिलॉन आणि १९९४ चे मेन्टर यांचे एसएसटी ही त्यांतली सर्वाधिक वापरातली. यातले कोणतेही मॉडेल निसर्गनियम नव्हे. ठरावीक प्रयोगांशी जुळवून घेतलेली ती तडजोड आहे, आणि विद्यार्थी नेमके हेच विसरतात.

या शास्त्राच्या घडणीत पुण्याचा एक माणूस अगदी मध्यभागी उभा आहे, हे आपल्याकडच्या मुलांना अनेकदा ठाऊक नसते. सुहास पाटणकर यांनी १९६२ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम.टेक. केले आणि १९६७ मध्ये लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजातून पीएच.डी. मिळवली. त्यांनी आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘सिम्पल’ ही रीत दाब आणि वेग यांच्यातील गुंता सोडवते. असंपीड्य प्रवाहात दाबासाठी स्वतंत्र समीकरण नसते. वेग काढायला दाब हवा, आणि धरलेला दाब योग्य आहे की नाही हे मात्र त्या वेगाने वस्तुमानाचा हिशेब जुळतो का यावरूनच कळते. म्हणून दाबाचा अंदाज धरून वेग काढतात, हिशेबात राहिलेल्या तुटीवरून दाब दुरुस्त करतात आणि तूट नगण्य होईपर्यंत ही फेरी चालू ठेवतात. बाजारातील प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये आणि विनामूल्य ओपनफोममध्ये आजही हीच रीत किंवा तिच्यातून निघालेल्या रीती आहेत. ज्याने चौकोनी पोकळीतल्या प्रवाहासारखे साधे उदाहरणसुद्धा स्वतः प्रोग्रॅम लिहून सोडवलेले नाही, त्याने पीएच.डी.च्या अर्जाची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. रंगीत चित्र कोणालाही काढता येते. मेश, म्हणजे कोषांची जाळी, खराब असो की सीमेवरच्या अटी चुकलेल्या असोत, रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांच्या हिशेबात उरलेली तूट, खाली उतरले की संगणक चित्र देतोच. संशोधकाला मात्र आपले उत्तर किती चुकले आहे आणि कशामुळे चुकले आहे हे सांगता आले पाहिजे, आणि या पेशातील खरी पात्रता मी तीच मानतो. पवनऊर्जेत तर यातून सुटकाच नाही, कारण वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेगाचा अंदाज १० टक्क्यांनी जास्त आला तर शक्तीचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगतो, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर कर्ज काढून प्रकल्प उभा राहतो.

या गणिताची कसोटी पाहणारी जागा आपल्या उशाशी आहे. साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे आणि पाटण तालुक्यातील वनकुसवड्याचे पठार म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचे जांभ्याचे सडे. या उंचीवर हवेची घनता प्रमाण वातावरणातही समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी असते, हा मुद्दा वेगळाच. मोसमी वारा कोकणातून वर चढतो, सह्याद्रीची मुख्य रांग आणि खोरी ओलांडतो आणि पठाराच्या धारेवर येतो. धारेपाशी त्याचा वेग वाढतो. पण कडा तुटलेला असेल तर प्रवाह जमिनीपासून सुटतो आणि त्याच्याखाली उलट फिरणाऱ्या भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो. पवनचक्की धारेपासून किती आत आणि किती उंच उभी आहे, यावर तिच्या वाट्याला वेग येतो की खळबळ, ते ठरते. सांगलीच्या पूर्वेकडे, कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगावच्या बाजूला, जमीन तुलनेने सौम्य आहे. तिथे कड्यापेक्षा एका यंत्राच्या मागे पडणारा मंद वारा, म्हणजे वेक, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्यासाठी डेन्मार्कमधील रिसो प्रयोगशाळेत येन्सन यांनी १९८३ मध्ये मांडलेले साधे मॉडेल अजूनही वापरात आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यालाही ते एका बैठकीत समजते. एकाच विद्यापीठाच्या परिसरात प्रवाहाचे हे दोन निराळे प्रश्न उघड्यावर पडलेले असताना आपली मुले प्रकल्पासाठी परदेशी मोटारगाडीचे मॉडेल इंटरनेटवरून उतरवून घेतात, याचे मला नवल वाटते.

कड्याचा प्रश्न किती अवघड आहे, याचा दाखला डेन्मार्कमध्ये मिळतो. रोस्किल्डच्या फियोर्डमध्ये बोलुंड नावाची अवघी १२ मीटर उंचीची टेकडी आहे आणि तिची एक बाजू उभी तुटलेली आहे. २००७-०८ च्या हिवाळ्यात तिथे मनोरे उभारून वारा मोजला गेला. नंतर मोजमापे झाकून ठेवून जगभरच्या गटांना त्या वाऱ्याचे गणित करायला सांगण्यात आले. पन्नासच्या आसपास उत्तरे आली आणि ती एकमेकांपासूनही पुष्कळ दूर होती. सरासरी पाहता के-एप्सिलॉनसारखी दोन समीकरणांची साधी टर्ब्युलन्स मॉडेले, मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या आणि अधिक प्रगत समजल्या जाणाऱ्या लार्ज एडी पद्धतीपेक्षा सरस ठरली. आपले कडे याच्या कितीतरी पट उंच आहेत.

प्रत्यक्ष वाट मात्र थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गेट देऊन थर्मल-फ्लुइड्स किंवा ऊर्जा अभियांत्रिकीत एम.टेक., त्यानंतर पीएच.डी., हा नेहमीचा मार्ग. आयआयटी मुंबईत ऊर्जाशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. प्रवाहाच्या मूलभूत कामासाठी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मद्रास यांचा विचार करावा. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था मोजमाप आणि चाचणी यांसाठी महत्त्वाची. परदेशात डेन्मार्कचे तांत्रिक विद्यापीठ, डेल्फ्ट आणि ओल्डेनबुर्ग ही पवनऊर्जेची जुनी ठिकाणे आहेत. संस्थेपेक्षा मार्गदर्शक पाहून निवड करावी, आणि त्यांच्या मागील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मोजमापांशी तुलना असलेले प्रकरण आहे का, हे अवश्य तपासावे.

संगममाहुली

कृष्णाकाठ सर, लेख वाचून विषयाची ओळख झाली, परंतु पालक म्हणून माझा प्रश्न रोकडा आहे. आमची मुलगी कराडच्या शासकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने याच क्षेत्राचा ध्यास घेतला आहे. तिच्या वर्गातील मुली पुण्याच्या कंपन्यांत लागत असताना हिने आणखी सात वर्षे शिकायचे, आणि त्यानंतरही एखाद्या संस्थेत पगाराची वाट पाहत बसायचे, असे चित्र आमच्या नात्यातच पाहिलेले आहे. आपण प्रामाणिकपणे सांगावे, की या शिक्षणात तिचा खर्च भागेल का आणि पुढे कायमची नोकरी कुठे आहे?

कृष्णाकाठ

आपली शंका रास्त आहे. शिक्षणाच्या काळात फारशी झळ बसत नाही. गेटच्या आधारे एम.टेक. करणाऱ्यास महिना १२,४०० रुपये मिळतात, पीएच.डी.ची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे, त्यावर घरभाडे भत्ता वेगळा. पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती ७०,००० रुपयांपासून सुरू झाली होती, पण ती फार थोड्यांना मिळते. काही संस्था पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश देतात, त्यामुळे सात वर्षे लागतीलच असे नाही.

अडचण पुढे येते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, परंतु विनाअनुदानित महाविद्यालयांपैकी अनेक ठिकाणी ते कागदावरच राहते आणि वेतन महिनोन्‌महिने थकल्याची उदाहरणे आपल्याप्रमाणे मीही जवळून पाहिली आहेत. शासकीय महाविद्यालयांत भरती तुरळक होते. आयआयटी-एनआयटीत जागा निघतात, पण तिथे पीएच.डी.नंतर एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या नोकऱ्या, केलेले उमेदवार रांगेत असतात. म्हणून मी मुलींना आणि मुलांना असे सांगतो, की पीएच.डी. करताना उद्योगाला हवे असलेले एक कौशल्य हाताशी ठेवावे. पवनक्षेत्राच्या वाऱ्याचे मूल्यमापन, पात्यांचे वायुगतिक विश्लेषण किंवा सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कोडवर काम करणे, यांपैकी काहीही चालेल. या कामांना पुणे, बंगळूर आणि चेन्नई येथे मागणी आहे. तिला प्राध्यापकच व्हायचे असेल तर एम.टेक.नंतर लगेच गावाजवळच्या संस्थेत रुजू होऊन अर्धवेळ पीएच.डी. करण्याचा मोह टाळावा. मूल्यांकनाच्या फायली आणि तासिका यांतून संशोधनाला जो वेळ उरतो, तो या विषयाला पुरत नाही.

सडाकरी

मी पाटणच्या बाजूला पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम पाहतो. सरांनी मोजमापाचा मुद्दा काढला म्हणून प्रत्यक्ष जागेवरची माहिती देतो, कारण विद्यार्थी आमच्याकडे येतात ते ‘डेटा द्या’ एवढेच म्हणून, आणि डेटा म्हणजे काय हे त्यांना माहीत नसते.

पवनचक्कीच्या नॅसेलवर, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीवर, जो वेगमापक असतो तो चक्राच्या मागे असतो. पात्यांनी शक्ती काढून घेतल्यानंतरचा, ढवळलेला वारा तो मोजतो. त्यावरून समोरचा खरा वेग काढण्यासाठी एक रूपांतर-सूत्र वापरतात, आणि ते सहसा सपाट जागेवर चाचणी घेऊन ठरवलेले असते. कड्याच्या धारेवरच्या यंत्रात वारा खालून वर तिरपा शिरतो. आंतरराष्ट्रीय मानक यंत्राच्या रचनेसाठी हा तिरपेपणा ८ अंशांपर्यंत धरते. प्रत्यक्षात धारेवर किती असतो, हे ज्या त्या जागी मोजल्याशिवाय कोणी सांगू नये. शिवाय फिरत्या कपांचा मापक खळबळीच्या वाऱ्यात वेग थोडा जास्तच दाखवतो, कारण झुळूक आली की तो चटकन वेग घेतो आणि ओसरली की सावकाश मंदावतो. त्यामुळे अशा आकड्यांशी आपले गणित जुळले म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. माझ्या पाहण्यात धारेलगतच्या यंत्रांचे यॉ-ब्रेकचे, म्हणजे वाऱ्याकडे तोंड वळवणाऱ्या यंत्रणेच्या ब्रेकचे, पॅड आतल्या यंत्रांपेक्षा लवकर झिजतात. याचे कारण वाऱ्याची सतत बदलणारी दिशा असावी असा माझा तर्क आहे, पण त्यावर कोणी अभ्यास केल्यास आम्हाला तो हवाच आहे.

दुसरी गोष्ट अशी, की नोंदी दर दहा मिनिटांच्या सरासरीच्या असतात आणि त्या यंत्राच्या मालकाच्या असतात. मालक बहुधा दूरचा गुंतवणूकदार असतो. आमच्यासारख्या देखभाल करणाऱ्याला त्या देण्याचा अधिकार नाही. महाविद्यालयाच्या पत्रावर, यंत्राचा क्रमांक आणि उत्पादनाचे मूळ आकडे न छापण्याचे लेखी मान्य करून मालकाकडे मागणी केली तर काही जण देतात.

आणखी एक. ज्या चार महिन्यांत खरा वारा असतो त्याच चार महिन्यांत सड्यावर पाऊस आणि धुके असते. मनोऱ्यावर उपकरण बसवायचे असेल तर ते मे अखेरपर्यंत बसले पाहिजे. जूननंतर कोणालाही वर चढवण्याची जबाबदारी मी घेणार नाही.

समीकरण

मी मूळची मिरजेची; सध्या नेदरलँड्समध्ये वाऱ्याच्या प्रवाहावरच पोस्टडॉक करत आहे. धाग्याच्या मूळ म्हणण्याशी मी सहमत आहे, तरी दोन ठिकाणी हरकत नोंदवते.

पहिली हरकत बोलुंडच्या निष्कर्षाबद्दल. लार्ज एडी पद्धत तिथे मागे पडली ती पद्धत कमअस्सल आहे म्हणून नव्हे. ती पद्धत मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवते. त्यासाठी जमिनीलगत फार बारीक मेश लागते आणि आत येणारा वाराही खऱ्यासारखा खळबळता द्यावा लागतो. या दोन्ही गोष्टींत कसर राहिली की साधे मॉडेल पुढे जाते. आज मोठ्या पवनक्षेत्रातील वेकचा अभ्यास याच पद्धतीने, पात्यांऐवजी त्यांचे बल प्रवाहात टाकून केला जातो, आणि त्यावर संशोधनाची दिशा ठरते. विद्यार्थ्याने ‘साधे ते चांगले’ असा सोयीचा अर्थ काढू नये.

दुसरी हरकत स्वतःचा प्रोग्रॅम लिहिण्याच्या आग्रहाबद्दल. शिकण्यासाठी एकदा लिहावा, हे खरे. मात्र त्यानंतरचे कौशल्य दुसऱ्याने लिहिलेला लाखो ओळींचा कोड वाचून त्यात नेमकी दुरुस्ती करण्याचे आहे. ओपनफोम २००४ पासून सर्वांना खुला आहे, आणि आयआयटी मुंबईचा खुल्या सॉफ्टवेअरसाठीचा फॉसी प्रकल्प त्यावर विद्यार्थ्यांकडून उदाहरणे करून घेतो, त्यांना मार्गदर्शनही देतो. इथल्या निवड समितीत मी बसते तेव्हा अर्जदाराने कोणत्या खुल्या कोडमध्ये काय भर घातली, हे मी आधी पाहते.

चूक मोजण्याविषयी मात्र सरांनी लिहिले त्याच्याही पुढे जावेसे वाटते. रिचर्डसन यांनी संगणक जन्मण्यापूर्वी हवामानाचा अंदाज हाताने गणित करून काढला होता. २० मे १९१० या दिवसासाठी त्यांचे उत्तर असे आले, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार बदलेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. हे उत्तर त्यांनी १९२२ मध्ये जसेच्या तसे छापले, कारणांची चर्चा केली, आणि आजचे संख्यात्मक हवामानशास्त्र त्याच पायावर उभे आहे. आता माझ्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या निबंधांत बहुतेक वेळा ‘प्रयोगाशी उत्तम मेळ’ एवढेच वाक्य असते आणि मेशच्या तीन आकारांवर उत्तर तपासल्याचा तक्तासुद्धा नसतो. मशीन लर्निंग आल्यापासून यात भरच पडली आहे : मुळातल्या सीएफडीची चूक किती हे न सांगता तिच्यावर शिकवलेले मॉडेल ९९ टक्के अचूक असल्याचे लिहिले जाते.

पेशाबद्दल एवढेच सांगते, की इकडे पोस्टडॉकचे करार दोन-तीन वर्षांचे असतात आणि कायमची जागा मिळेलच असे गृहीत धरून कोणी येऊ नये. संगममाहुली, आपल्या मुलीला युरोपात यायचे असेल तर डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे आणि जर्मनी येथील विद्यापीठांची संयुक्त पवनऊर्जा पदव्युत्तर पदवी आहे. तिची शिष्यवृत्ती मिळाली तरच यावे, कर्ज काढून येऊ नये.

बेदाणेवाले

धागा पवनचक्कीचा आहे, तरी विषय हवेच्या प्रवाहाचाच आहे म्हणून विचारतो. आमचे तासगावला बेदाण्याचे शेड आहे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षे जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांत पसरतो आणि साधारण दोन आठवड्यांत माल वाळतो. मधल्या थरांचा माल कडेच्या मालापेक्षा मागे राहतो आणि हवेत दमटपणा आला की तिथेच रंग बिघडतो. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. हा सीएफडीचा प्रकल्प होऊ शकतो, की आपल्या क्षेत्रात असल्या कामाला प्रतिष्ठा नाही?

कृष्णाकाठ

समीकरण यांची बोलुंडबद्दलची दुरुस्ती योग्य आहे आणि धाग्यात ती आली हे बरे झाले. स्वतःच्या प्रोग्रॅमबद्दल मात्र मी माझ्या मतावर कायम आहे; ज्याला सिम्पलची फेरी का फिसकटते हे अनुभवाने माहीत नाही, त्याला लाखो ओळींच्या कोडमध्ये कुठे पाहावे हे उमगत नाही.

बेदाणेवाले, हा उत्तम प्रकल्प आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यासाठी तर तो पवनचक्कीपेक्षाही चांगला आहे, कारण इथे मोजमाप आपल्या हातात असते आणि कोणाची परवानगी लागत नाही. द्राक्षांचा प्रत्येक थर सच्छिद्र माध्यम म्हणून धरता येतो. हवा त्यातून जाताना दाबात जी घट होते ती वेगाशी कशी बदलते, हे घडाच्या एका थरावर लहान पंखा लावून आधी मोजावे. या दाबघटीच्या डार्सी-फोर्कहायमर सूत्रातले दोन सहगुणक त्यातूनच मिळतात, ते कोणत्याही निबंधातून उचलू नयेत. वारा शेडच्या लांबीच्या दिशेने आहे की रुंदीच्या, यावर मधल्या थरांचे वाळणे अवलंबून असणार. तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे लहान लॉगर फार महाग नसतात. ते वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांत ठेवून पूर्ण हंगामाची नोंद घेतली, तर गणिताला टेकायला भिंत मिळेल. हिरव्या बेदाण्याला थेट ऊन चालत नाही. त्यामुळे सौर तापकातून गरम केलेली हवा सावलीतल्या रॅकमधून खेळवण्याची रचना हा पुढचा टप्पा होऊ शकतो आणि तो नवीकरणीय ऊर्जेचाच विषय आहे. प्रतिष्ठेचे म्हणाल तर परीक्षक प्रबंधात मोजमाप आणि गणित यांतील फरक पाहतात. पठार की शेड, याने त्यांना फरक पडत नाही, आणि ज्यांना पडतो अशा परीक्षकांची फार चिंता करू नये.

मेशमधला

सर, समीकरण ताई आणि सडाकरी काका, मी सांगलीत तिसऱ्या वर्षाला यंत्र अभियांत्रिकी शिकतो. माझ्याकडे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा ओपनफोममध्ये सोडवावा असे मनात आहे. इंटरनेटवरून ३० मीटर अंतराचा उंचीचा विनामूल्य नकाशा घेतला आणि मेशही तयार झाली. गणित पूर्ण होते, पण धारेच्या मागे प्रवाह सुटलेला अजिबात दिसत नाही. मेश आणखी बारीक करावी, की महासंगणकासाठी प्रयत्न करावा?

समीकरण

मेश बारीक करून काही होणार नाही, कारण कडा तुमच्या नकाशातच नाही. ३० मीटर अंतराने घेतलेल्या उंचीच्या बिंदूंत उभा कडा एका उतारासारखा पसरतो, आणि सौम्य उतारावर प्रवाह चिकटून राहणे स्वाभाविक आहे. सगळे पठार एकदम घेऊ नका. धारेला काटकोनात एकच उभा छेद घ्या, कड्याचा खरा आकार जागेवर जाऊन मोजा किंवा मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरून उतरवा आणि ते द्विमितीत सोडवा. मात्र त्याआधी स्कॉटलंडच्या आस्करव्हेन टेकडीचे उदाहरण करून पाहा. तिथली १९८२-८३ ची मोजमापे प्रसिद्ध आहेत आणि टेकडी गोलसर असल्याने अडचणी कमी आहेत. मग बोलुंड, आणि त्यानंतर चाळकेवाडी.

सडाकरी

कड्याचा छेद मोजायचा असेल तर दिवाळीनंतर या, गवत वाळलेले असते आणि धार स्पष्ट दिसते. काठावर एकट्याने जाऊ नका, आणि ड्रोन उडवायचा विचार असेल तर यंत्रांच्या जवळ तो चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कृष्णाकाठ

महासंगणकाची आता गरज नाही. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे आणि २०२४ मध्ये नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात परम रुद्र सुरू झाला, पण तिथे वेळ मागताना लहान उदाहरणावर काय साधले, हे दाखवावे लागते. ओपनफोमला दहा लाख कोषांमागे साधारण १ जीबी स्मृती लागते, असा ठोकताळा धरा. द्विमितीय छेदासाठी तुमचा लॅपटॉप पुरून उरेल.

त्याआधी एक तपासणी करा, जी बहुतेक जण वगळतात. पठार, कडा सगळे काढून टाका आणि तेवढ्याच लांबीच्या सपाट जमिनीवर गणित चालवा. आत सोडताना वाऱ्याचा वेग उंचीप्रमाणे लॉगरिदमच्या नियमाने वाढत असतो. बाहेर पडताना तो आलेख तसाच राहिला पाहिजे, आणि खळबळीचा आलेखही तसाच राहिला पाहिजे. के-एप्सिलॉनमध्ये हे साधण्यासाठी आत येणाऱ्या वाऱ्याचे आलेख, मॉडेलचे स्थिरांक आणि जमिनीचा खडबडीतपणा एकमेकांशी सुसंगत असावे लागतात. रिचर्ड्स आणि हॉक्सी यांनी १९९३ मध्ये त्याच्या अटी दिल्या आहेत आणि ओपनफोममध्ये त्या तयार मिळतात. जमिनीलगतच्या पहिल्या कोषाची उंची खडबडीतपणाच्या मापाशी विसंगत असेल तर वारा सपाट जमिनीवरच वेग बदलू लागतो आणि मग धारेवर दिसलेली वेगवाढ कड्याची की मेशची, हे कोणालाच सांगता येत नाही. रिकाम्या जमिनीवरचे हे दोन आलेख, आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा, एकाच तक्त्यात काढून इथे चिकटवा; त्यानंतर छेदाच्या सीमा कड्यापासून किती दूर ठेवायच्या ते ठरवू.